शरीराने ‘आपलं’ म्हणावं म्हणून

गेल्या दिवाळीत नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी सगळे जमले होते. माझी भाची नागपुरातच एका संस्थेत बायोमटेरियल्समध्ये, म्हणजे शरीरात बसवायच्या पदार्थांवर, पीएच.डी. करते. फराळ करता करता तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, तिला विचारलं, “काय वं पोरी, पाच वर्षं झाली, अजून शिकूनच राहिली तू? करते तरी काय तिथं?”

“आजी, कोशाच्या किड्यापासून रेशीम काढते आन् त्याच्यावर हाडाच्या पेशी वाढवते.”

आई थोडा वेळ गप्प राहिली. तिचं माहेर भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीकडचं. तिथल्या आंधळगावात कोसा विणला जातो, लहानपणी तिने हातमागांची खटखट ऐकलेली. “साडी समजली मले,” ती म्हणाली, “पण हाड?” भाचीने माझ्याकडे बघितलं. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात असं काही निघालं की माझ्यावरच येतं. त्या दिवशी तासाभरात सगळं सांगून झालं नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे, आईसाठी आणि हाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठीही.

सुरुवात काट्यापासून करू. पायात बाभळीचा काटा मोडून राहिला तर दोन दिवसांत ठणका लागतो, पू धरतो, शरीर त्याला बाहेर ढकलू बघतं. त्याच माणसाच्या मांडीचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी आत टायटॅनियमची हातभर लांब सळई घातली, तर ती वर्षानुवर्षं आत राहते, माणूस त्यावर चालतो. काटा एवढासा, सळई एवढी मोठी. मग शरीर काट्यावर चिडतं आणि सळईला का राहू देतं? काट्याबरोबर माती आणि जंतू जातात हे एक कारण झालं. पण पूर्ण निर्जंतुक केलेला पदार्थ आत ठेवला तरी शरीर त्याची दखल घेतंच, आणि प्रत्येक पदार्थाची वेगळी घेतं. या फरकाचा अभ्यास करण्यात माझ्या भाचीसारख्यांचं अख्खं आयुष्य जातं.

आत गेलेल्या वस्तूवर पहिल्या काही सेकंदांतच रक्तातली प्रथिनं जाऊन चिकटतात. पेशी येतात त्या नंतर, आणि त्यांचा हात लागतो तो या प्रथिनांच्या लेपाला. खालचा पदार्थ कोणता आहे हे त्यांना त्या लेपावरूनच कळतं. लेपातली प्रथिनं आपल्या मूळ आकारात बसली असतील तर पेशी शांत राहतात, वेडीवाकडी होऊन चिकटली असतील तर धोक्याची घंटा वाजते. मग आधी पांढऱ्या पेशींची पहिली तुकडी येते, तिच्यामागून भक्षक पेशी. त्यांना ती वस्तू गिळता आली नाही तर अनेक भक्षक पेशी एकमेकींत मिसळून एक राक्षसी पेशी तयार होते. तिनेही भागलं नाही तर काही आठवड्यांत शरीर त्या वस्तूभोवती तंतूंची पिशवी विणतं आणि तिला कोंडून टाकतं. पेसमेकरसारख्या वस्तूला ही पिशवी चालते. पण ज्या वस्तूने हाडाशी एकजीव व्हायला हवं, तिच्याभोवती अशी पिशवी आली की ती सैल पडते, दुखते, पुन्हा ऑपरेशन करावं लागतं.

शरीराच्या आत किंवा शरीराला लागून काम करण्यासाठी ठेवलेला पदार्थ म्हणजे बायोमटेरियल. तो धातू असेल, प्लास्टिक असेल, काच असेल, रेशीम असेल.

आईच्या दोन्ही डोळ्यांत असा पदार्थ आहे. मोतीबिंदू काढल्यावर बसवलेली लेन्स. तिची गोष्ट दुसऱ्या महायुद्धात सुरू होते. लढाऊ विमानांच्या कॉकपिटवरचं पर्स्पेक्स हे पारदर्शक प्लास्टिक गोळी लागून फुटायचं आणि त्याचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसायचे. हॅरोल्ड रिडले या इंग्रज नेत्रशल्यविशारदाच्या लक्षात आलं की हे तुकडे आत राहूनही डोळा चिडत नाही. मग याच पदार्थाची लेन्स का करू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्याने माणसाच्या डोळ्यात पहिली लेन्स बसवली. डोळ्यातून परकी वस्तू काढायची असते, घालायची नसते, असं मानणाऱ्या त्याच्याच व्यवसायबंधूंनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला. आज नागपुरात धंतोलीतल्या कुठल्याही नेत्ररुग्णालयात सकाळी आत गेलेला माणूस संध्याकाळी लेन्स घेऊन घरी येतो.

टायटॅनियमचंही तसंच झालं. १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क हा संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवून हाडातला रक्तप्रवाह बघत होता. काम झाल्यावर उपकरण काढायला गेला तर ते निघेना. हाड त्याला धरून बसलं होतं. १९६५ साली त्याने याच आधारावर माणसाच्या जबड्यात कृत्रिम दात बसवले. पुढे अमेरिकेत लॅरी हेंच याने १९६९ साली हाडाला रासायनिक रीतीने चिकटणारी काच तयार केली. ती शरीरात गेली की तिच्या पृष्ठभागावर हाडातल्या खनिजासारखाच थर धरतो.

आता कोसा, म्हणजे टसर रेशीम. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचा किडा वाढवतात. तुतीच्या रेशमाचा किडा घरात ट्रेमध्ये वाढतो, हा उघड्यावर. त्याचा कोष राखाडी-तपकिरी, लिंबाएवढा, टणक, आणि फांदीला देठाने लटकलेला. तो आईने हातात घेऊन बघितलेला आहे.

रेशमाच्या धाग्यात मुख्यतः दोन प्रथिनं असतात. आत फायब्रॉइन, तो खरा धागा. बाहेर सेरिसिन, तो डिंकासारखा चिकट लेप. सेरिसिन राहून गेलं तर शरीर चिडण्याची शक्यता वाढते, म्हणून ते आधी काढावं लागतं. तुतीचे कोष धुण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात अर्धा तास उकळले की सेरिसिन सुटतं आणि मागे पांढरा, कापसासारखा गुंता उरतो. तो लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात विरघळवायचा, मीठ काढून टाकायचं, की हातात रेशमाचं पाणी येतं. त्यापासून पातळ पडदा करा, स्पंज करा, जेल करा, हवा तो आकार द्या.

टसरने इथेच भाचीला दोन वर्षं अडवून धरलं. टसरचं फायब्रॉइन लिथियम ब्रोमाइडला सहज दाद देत नाही. म्हणून पुष्कळ प्रयोगशाळांत कोष विणायच्या बेतात आलेल्या अळीच्या रेशीमग्रंथीतूनच ते प्रथिन काढतात, धागा बनण्याआधी. एका अळीत बोटाएवढ्या दोन ग्रंथी असतात, त्या हळूच सोडवून घ्याव्या लागतात. अळीचा जीव जातो, आणि भाचीला त्याचं वाईट वाटतं. अळ्या वर्षभर मिळतही नाहीत. हंगाम चुकला तर पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं.

एवढा खटाटोप करायचा तो कशासाठी? तर टसरच्या फायब्रॉइनमध्ये एक जागा अशी आहे, जिथे तीन अमिनो आम्लं ठरावीक क्रमाने येतात. या त्रिकुटाला आरजीडी म्हणतात. आपल्या पेशी शरीरात एकमेकींच्या आधाराने राहतात, आणि ज्या प्रथिनांना धरून राहतात त्यांतल्या कित्येकांवर हीच तीन अक्षरं असतात. पेशीला ती कडी ओळखीची असते. ती सापडली की पेशी तिथे हात अडकवते आणि टिकते. तुतीच्या रेशमात ही कडी नाही, टसरमध्ये आहे. जंगली रेशमाचा हा गुण पुढे आणण्यात आयआयटी खरगपूरमधल्या प्रा. सुभाष कुंडू यांच्या गटाचा मोठा वाटा आहे. चारही प्रकारचं व्यापारी रेशीम पिकवणारा भारत हा जगातला एकमेव देश. राज्याचं रेशीम संचालनालय नागपुरात, कोसा आपल्या अंगणात. या धाग्याचा अभ्यास विदर्भात व्हावा असं मला मनापासून वाटतं.

पेशी टिकली हे कळतं कसं? मागच्या उन्हाळ्यात भाचीने मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. काचेच्या बशीत गुलाबी-लाल पोषणद्रव, ३७ अंशांवर ठेवलेला. पहिल्या तासाला पेशी मण्यांसारख्या गोल, नुसत्या पडलेल्या. जागा आवडली नाही तर त्या तशाच गोल राहतात आणि मरतात. आवडली तर कडा पसरायला लागतात, पाय फुटल्यासारखे दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या ताणून झोपलेल्या माणसासारख्या लांबट होऊन पृष्ठभागाला बिलगलेल्या असतात. कोशाच्या पडद्यावरच्या पेशी अशा पसरलेल्या होत्या.

पण डोळ्यांनी बघितलेलं पुरत नाही, आकडा लागतो. त्यासाठी एक पिवळं रसायन पेशींवर घालतात. जिवंत पेशी त्याचं जांभळ्या कणांत रूपांतर करते, मेलेल्या पेशीला ते जमत नाही. हळदीत चुना पडला की कुंकवाचा लाल रंग येतो, तसा इथे पिवळ्याचा जांभळा होतो. जेवढा गडद जांभळा, तेवढ्या जास्त पेशी जिवंत. ही चाचणी भाचीने किती वेळा केली असेल याची मोजदाद नाही. एकदा मे महिन्यात रात्री वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही, आणि फ्रीजमध्ये ठेवलेलं तीन आठवड्यांच्या मेहनतीचं रेशमाचं पाणी सकाळी खरवसासारखं घट्ट झालेलं मिळालं. उष्णतेने रेशमाचे रेणू एकमेकांत गुंततात, आणि एकदा गुंतले की सुटत नाहीत. नागपूरचा मे काय असतो ते वेगळं सांगायला नको, २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. भाची त्या दिवशी घरी येऊन न जेवता झोपली.

असे पदार्थ हाडात बसवतात, तसेच बारीक कण करून औषधासाठी रक्तातही सोडतात. तिथे येतो नॅनो. हा शब्द इतका झिजला आहे की त्याचा अर्थ उरलेला नाही, म्हणून मापानेच सांगते. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. शरीरात औषध वाहून नेणारा कण साधारण १०० नॅनोमीटरचा असतो. तो फुगवून आपल्या संत्र्याएवढा, म्हणजे सात सेंटिमीटरचा केला, आणि बाकी सगळं त्याच पटीत फुगवलं, तर रक्तातली तांबडी पेशी १६ फुटांची खोली होईल. आणि माणूस? तो सुमारे ११०० किलोमीटर लांब होईल. रेल्वेच्या रुळांवर आडवा केला तर नागपूर स्टेशनवर पाय आणि दिल्ली स्टेशनवर डोकं. त्या देहात कुठेतरी दडलेल्या कर्करोगाच्या गाठीपर्यंत ते संत्रं पोचवायचं आहे.

एवढं बारीक करण्याचा फायदा समजायला एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा कापून १०० नॅनोमीटरचे तुकडे केले तर तुकडे होतील एकावर पंधरा शून्यं इतके, आणि सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ ६० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ६५० चौरस फूट. एका खड्यातून छोट्या फ्लॅटएवढी जागा निघाली. पदार्थाचा शरीराशी संबंध येतो तो पृष्ठभागावर, त्यामुळे त्याचं वागणंच बदलतं. औषध लवकर विरघळतं, जास्त ठिकाणी चिकटतं. आणि हो, घातक ठरायचं असेल तर तेही जास्त ठरतं. नॅनो म्हटलं की सुरक्षित, हा समज चुकीचा आहे.

काट्याला जो नियम, तोच या कणालाही. शिरेत सोडल्याबरोबर त्यावर प्रथिनांचा लेप बसतो. फार बारीक, पाच-सहा नॅनोमीटरच्या आतला असेल तर मूत्रपिंड त्याला गाळून टाकतं. मोठा असेल तर यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी टिपतात. या मधल्या अरुंद वाटेतून त्याला जावं लागतं. १९८६ साली जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की कर्करोगाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईत वाढलेल्या, फटी असलेल्या असतात, म्हणून मोठे रेणू तिथे झिरपतात आणि साचून राहतात. यावर जगभर आशा उभी राहिली. पुढे २०१६ साली टोरांटोच्या एका गटाने आधीच्या दहा वर्षांतले शंभराहून अधिक अभ्यास तपासले. टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मध्यक, म्हणजे मधलं, प्रमाण निघालं ०.७ टक्के. शंभरातला एकसुद्धा नाही. ‘नॅनोकण कर्करोगाला शोधून मारणार’ अशी बातमी आली की हा आकडा तिच्याशेजारी छापावा असं माझं मत आहे. त्याने आशा मरत नाही, काम किती उरलं आहे ते कळतं.

तरीही नॅनोऔषधाने माणूस वाचलेला मी जवळून पाहिला आहे. मे २०२१. कोविडमधून उठलेल्या माझ्या मावसभावाच्या गालावर सूज आली, नाकातून काळपट पाणी आलं. म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, लिपोसोमल अँफोटेरिसिन-बी. रोज किलोमागे पाच मिलिग्रॅम. एका कुपीत ५० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सहा कुप्या, आणि हे आठवडोन्‌आठवडे. मेडिकल चौकापासून रामदासपेठेपर्यंत मी दुकानं पालथी घातली. साधं अँफोटेरिसिन त्यामानाने मिळत होतं. “तेच का नाही चालत ताई?” असं रांगेत उभ्या एका माणसाने मला विचारलं होतं, आणि मी त्याला रस्त्यावरच उत्तर दिलं होतं.

अँफोटेरिसिन बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉल या घटकाला धरतं आणि त्या आवरणाला भोकं पाडतं. आपल्या पेशींच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नसतं, पण त्याचं भावंड कोलेस्टेरॉल असतं, आणि औषध थोडंफार त्यालाही धरतं. त्यामुळे मूत्रपिंडाला इजा होते आणि हवा तेवढा डोस देता येत नाही. उपाय निघाला स्निग्ध पदार्थातून. अंड्यातल्या लेसिथिनसारखे रेणू पाण्यात टाकले की आपोआप दुपदरी भिंतीचे फुगे होतात. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये अलेक बँगहॅम यांनी ते पाहिले, त्यांना लिपोसोम म्हणतात. कर्करोगावरच्या डॉक्सिल या औषधात, जे १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालं, औषध या फुग्याच्या पोटात भरलेलं असतं, पुरणपोळीतल्या पुरणासारखं. अँफोटेरिसिन मात्र भिंतीतच असतं, मेथीच्या पोळीत मेथी कणकेबरोबर मळलेली असते तसं. भिंतीत घट्ट बसल्यामुळे ते वाटेत मूत्रपिंडाच्या पेशींना फारसं लागत नाही आणि बुरशीजवळ जाऊन सुटतं. म्हणून डोस वाढवता येतो.

भारतात हे औषध घडवण्याचं काम दिल्ली विद्यापीठातले प्रा. बिमल बच्छावत आणि मुंबईच्या केईएममधल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी केलं. क्षीरसागर मॅडमचं नाव मी दरवर्षी वर्गात घेते. प्रयोगशाळेतला फुगा रुग्णाच्या शिरेत सुरक्षितपणे नेईपर्यंतचा सगळा रस्ता त्यांनी इथे, आपल्या रुग्णांसोबत चालून दाखवला. २०२१च्या त्या मे महिन्यात वर्ध्याच्या एका कंपनीत अँफोटेरिसिनचं इमल्शन, म्हणजे स्निग्ध थेंबांत मिसळलेलं रूप, बनायला लागलं तेव्हा विदर्भात जरा हायसं वाटलं. माझा भाऊ वाचला. डावा डोळा गेला, पण मूत्रपिंडं शाबूत राहिली.

आता आईच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे एवढी वर्षं का. डॉ. एम. एस. वलियाथन हे हृदयशल्यविशारद १९७४ साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत आले. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेली गरीब मुलं समोर येत होती आणि परदेशी झडप त्यांना परवडत नव्हती. त्यांनी इथेच झडप बनवायचं ठरवलं. हृदय मिनिटाला ७२ वेळा धडधडतं, म्हणजे झडप वर्षाला पावणेचार कोटींहून जास्त वेळा उघडते-मिटते. तेवढं झिजून तिने तुटायचं नाही, आणि तिच्यावर रक्त गोठायचंही नाही. पहिली तीन रूपं फसली. प्रत्येक वेळी पदार्थ बदलायचा, पुन्हा यंत्रावर फिरवायचं, पुन्हा मेंढ्यांत बसवायचं, पुन्हा थांबायचं. चौथ्या रूपात एका अतिशय टिकाऊ पॉलिएथिलीनची चकती वापरली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसली. सोळा वर्षं झाली होती. मुलांना मी विचारते, तिसरी झडप फसली त्या दिवशी तुम्ही काय केलं असतं? वर्ग शांत होतो.

शरीराला घाई करता येत नाही. बशीतल्या पेशी दोन दिवसांत उत्तर देतात, सशाचं हाड चार, आठ, बारा आठवड्यांनी, माणूस काही वर्षांनी. प्रत्येक टप्प्याला आधी परवानगी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगाला नीतिसमितीची, मग आयएसओ १०९९३ या मानकाप्रमाणे विषारीपणाच्या चाचण्या, मग रुग्णचाचण्या, आणि २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार मंजुरी. त्यात उपकरणाचे धोक्यानुसार अ ते ड असे चार वर्ग आहेत आणि झडप सगळ्यात वरच्या वर्गात मोडते. दरम्यान फेलोशिप कधी सहा-सहा महिने येत नाही. लग्नाचं विचारणाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं. म्हणून बहुतेक संशोधकांच्या वाट्याला या साखळीतली एखादीच कडी येते. कोणी रेशीम विरघळवण्याची रीत बसवतो, कोणी त्यावर पेशी जगवतो, कोणी वीस वर्षांनी ते हाडात बसवतो. आपली कडी नीट बसवून पुढच्याच्या हातात देणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

भाचीचं काम आता सशापर्यंत आलं आहे. कोशाचा स्पंज हाडातल्या छोट्या छिद्रात बसवून बारा आठवडे झाले. त्या हाडाचे केसाहून पातळ काप काढून, गुलाबी आणि निळा रंग देऊन काचपट्टीवर ठेवले आहेत. स्पंजाभोवती तंतूंची पिशवी दिसली तर ती किती जाड आहे ते मोजायचं. नाही दिसली, हाड थेट आत शिरलेलं दिसलं, तर शरीराने त्याला आपलं म्हटलं. एकूण चोवीस पट्ट्या. मागच्या रविवारी त्यांतल्या अकरा बघून झाल्या होत्या. घरी आली तेव्हा आईने तिला मोहाडीहून मागवलेला एक रिकामा कोष दिला, देठासकट. भाचीने तो उजेडात धरून खूप वेळ फिरवून बघितला, मग आईला विचारलं, “आजी, हा ऐनावरचा की अर्जुनाचा?”